गोळी का सुटते?

(पनवेल परिसरातल्या महिला गटांसाठी सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी भांडी घासत असाल, कुणी गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून बसल्या असाल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. मी पुष्कळ वर्षं आरोग्यसेविका म्हणून गावोगाव फिरले. आज मला हृदयाच्या गोळ्यांबद्दल बोलायचं आहे. कोणाला कोणती गोळी द्यायची ते डॉक्टर ठरवतात. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं. डॉक्टरांनी लिहून दिलेली, पैसे मोजून आणलेली, घरात डब्यात असलेली गोळी पोटात का जात नाही?

आधी आजार समजून घेऊ. दवाखान्यात ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. पेशंटच्या घरी त्याचं ‘हार्ट फेल झालं’ असं होतं आणि रडारड सुरू होते. पण हृदय बंद पडलेलं नसतं, त्याचा जोर कमी झालेला असतो. शेतातली मोटर जुनी झाली की ती चालते, पण पाणी पुढे नीट ढकलत नाही. तसंच हे. रक्त पुढे कमी जातं. मग मूत्रपिंडाला वाटतं, शरीरात पाणीच कमी आहे, म्हणून ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. ते पाणी पायात उतरतं, पोटात साठतं, फुप्फुसात भरतं. संध्याकाळी पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते, रात्री आडवं झालं की जीव गुदमरतो आणि माणूस उठून बसतो.

हा आजार फक्त म्हाताऱ्या पुरुषांचा असं समजू नका. हार्ट अटॅक येऊन गेला, वर्षानुवर्षं ब्लडप्रेशर वाढलेलं राहिलं, तर हृदय कमजोर होतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला आणि त्यात हृदयाची झडप खराब झाली, तर तरुण वयातही होतं. काही बायांना बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळ झाल्यावर पाच महिन्यांच्या आत होतं. अशा वेळी ‘बाळंतिणीला अंगावर सूज येतेच’ असं म्हणून घरात बसू नका.

आता औषधाचं. तापाची गोळी तीन दिवस, जंतूंची गोळी पाच-सात दिवस, अशी आपल्याला सवय. हृदयाच्या गोळीचा असा कोर्स नसतो. ती रोज सकाळी हृदयावरचं ओझं थोडं उतरवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवते. एकच उदाहरण सांगते. स्पायरोनोलॅक्टोन नावाची एक जुनी गोळी आहे. १९९९ साली एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. हृदय फार कमजोर झालेल्या माणसांपैकी ज्यांना ही गोळी मिळाली नाही, त्यांच्यातले शंभरातले ४६ जण सरासरी दोन वर्षांत दगावले. बाकीच्या औषधांसोबत ज्यांना ही गोळी मिळाली, त्यांच्यातले ३५. म्हणजे शंभर माणसांमागे अकरा जीव. वाडीवर शंभर माणसं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अकरा म्हणजे किती ते कळेल.

आपल्या देशातलंही सांगते. केरळात तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली या आजाराने रुग्णालयात आलेल्या १,२०५ पेशंटची नोंद ठेवली गेली. त्यांचं सरासरी वय ६१ च्या आसपास होतं आणि दर दहांत तीन बाया होत्या. तीन वर्षांत शंभरातले जवळपास ४५ जण गेले. हे घाबरवायला सांगत नाही. हा आजार किती जड आहे आणि रोजच्या गोळीवर किती अवलंबून आहे, ते कळावं म्हणून सांगते.

आणि तरी गोळी सुटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली सांगितलं होतं की, श्रीमंत देशांतसुद्धा कायमच्या आजाराची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे लोक साधारण निम्मेच असतात. गरीब देशांत त्याहून कमी. म्हणजे आपल्या बाया अडाणी आहेत, म्हणून गोळ्या चुकतात, असं नाही. शिकलेल्यांच्याही चुकतात. त्या संघटनेने हेही सांगितलं की दोष एकट्या पेशंटचा नसतो. पैसा, दवाखाना, आजार, औषध आणि माणूस, पाचही बाजूंनी कारणं येतात. आपल्याकडे ती कशी येतात ते पाहू.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे बरं वाटणं. रुग्णालयातून घरी आल्यावर पंधरा दिवसांत सूज उतरते, दम थांबतो, जेवण जातं. मग माणूस म्हणतो, ‘आता कशाला गोळ्या?’ अहो, बरं वाटतंय तेच गोळ्यांमुळे. छपरावर कौलं आहेत म्हणून घर कोरडं आहे. घर कोरडं आहे म्हणून भर श्रावणात कौलं काढतं का कोणी? आणि गोळी सोडली की दुसऱ्या दिवशी लगेच काही होत नाही, तिथेच फसायला होतं. आठ-पंधरा दिवस बरे जातात, मग एका रात्री दम लागतो. तोवर गोळी सोडल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या तर एकदम बंद केल्या तर धोका जास्त. त्या कमी करायच्या असतील तर डॉक्टर हळूहळू करतात.

दुसरं कारण बाया दवाखान्यात सांगतच नाहीत. लघवीची गोळी. फ्युरोसेमाइड, लॅसिक्स. ती घेतली की दोन-चार तास सारखं उठावं लागतं. आता सांगा, पनवेलच्या बाजारात भाजी विकायला बसलेली बाई जाणार कुठे? लावणीला चिखलात उभी असलेली? धोदाणी-मालडुंग्याहून एसटीत बसून निघालेली? ती गोळीच घेत नाही. वर पाणीही पीत नाही. डॉक्टर विचारतात, ‘गोळ्या घेता ना?’ ती मान हलवते. पुरुष डॉक्टरला हे कसं सांगायचं? पण मैत्रिणींनो, यावर सोपा उपाय आहे. या गोळीची वेळ पुष्कळदा पुढे-मागे करता येते. बाजाराचा दिवस असेल तर घरी परतल्यावर दुपारी घेता येते. दोन वेळा असेल तर दुसरी साधारण चारच्या आत घ्यावी, नाहीतर रात्रभर झोपमोड होते. डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना एवढंच म्हणा, ‘मी सकाळी बाहेर असते, ही गोळी कधी घेऊ?’ लाजायचं काही कारण नाही.

तिसरं, गोळीच्या नावाचा गोंधळ. हृदयासाठी दिलेल्या काही गोळ्या मूळच्या ब्लडप्रेशरच्या आहेत. मग बाई म्हणते, ‘माझं प्रेशर तर नॉर्मल आलं, मग ही कशाला?’ डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळी मधुमेहाची म्हणून आली. पुढे २०१९ साली एका मोठ्या अभ्यासात दिसलं की, मधुमेह नसला तरी ती कमजोर हृदयाला उपयोगी पडते. आता ती घेऊन बाई दुकानात जाते, कुणीतरी विचारतं, ‘तुम्हाला शुगर आहे का?’ ती घाबरते आणि गोळी बंद. म्हणून गोळी हातात घेताना एक प्रश्न विचारायचाच: ‘ही माझ्या हृदयासाठी काय करते?’ आणि उत्तर मराठीत, दोन शब्दांत पुड्यावर लिहून घ्यायचं. ‘पाणी काढते.’ ‘ओझं कमी करते.’ ‘ठोके सावकाश ठेवते.’

कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, नाव बदलतं. जुनी पट्टी घरात असते, नवी येते, आणि एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जातं. यावर उपाय हा, की दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्यायच्या. गुडघ्याच्या, पित्ताच्या, वैद्यांनी दिलेल्या पुड्या, सगळ्या. काहीही लपवायचं नाही.

चौथं, गोळीचा त्रास. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. स्पायरोनोलॅक्टोनने काही पुरुषांची छाती दुखते, फुगते. ते बिचारे बायकोलाही सांगत नाहीत. डापाग्लिफ्लोझिनने बायांना लघवीच्या जागी खाज सुटू शकते. सुरुवातीच्या दिवसांत चक्कर येते, थकवा वाटतो. या सगळ्यावर मार्ग आहे. खोकल्यासाठी बदली गोळी मिळते, खाजेवर औषध आहे, चक्कर येत असेल तर डोस किंवा वेळ बदलता येते. पण गुपचूप गोळी सोडली तर डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडलं नाही, आणि ते आणखी जोरदार औषध लिहितात. त्रास झाला की गोळी घेऊन परत जा आणि सांगा. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

आणि एक गोष्ट. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आपण सहज आणतो. कमजोर हृदयाला या फार वाईट. त्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीवर ताण आणतात. एका हाताने पाणी काढायची गोळी, दुसऱ्या हाताने पाणी साठवायची, असं होतं. मिठाचंही तसंच. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट, सुके बोंबील, खारवलेली मच्छी भरून ठेवतात. वर लोणचं, पापड. गोळ्या वेळेवर घेऊनही सूज उतरत नसेल, तर आधी डबे उघडून बघा. आणि ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे पाकीट मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन, एनालाप्रिलसारख्या गोळ्या चालू असताना ते अंगात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

पाचवं, पैसा आणि अंतर. पनवेलची २०१६ साली महानगरपालिका झाली, मोठमोठी रुग्णालयं उभी राहिली. पण माथेरानच्या डोंगराखालच्या वाडीवरून गोळ्या आणायला निघायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, वर भाडं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाचं तर औषध भट्टीवर पोचतच नाही. मग बाई एक दिवसाआड गोळी घेते, म्हणजे महिन्याची पट्टी दोन महिने पुरते. हे आळशीपण नाही, हा हिशेब आहे. पण हा हिशेब अंगावर येतो. एकदा दाखल व्हावं लागलं तर वर्षाच्या गोळ्यांपेक्षा जास्त खर्च होतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तुम्हाला माहीत आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. तिचा मोठा आधार दाखल झाल्यावर मिळतो. महिन्याच्या गोळ्यांसाठी दुसऱ्या वाटा बघायच्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यात आपलं पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आलं, नेरे, वावंजे, आपटा, गव्हाण, आजिवलीची प्राथमिक आरोग्य केंद्रं आली. तिथे तुमच्या चिठ्ठीतल्या कोणत्या गोळ्या मिळतात ते आधी विचारा. ज्या मिळत नाहीत त्या जनऔषधी केंद्रात बघा. तिथे त्याच औषधाच्या साध्या गोळ्या कमी किमतीत असतात. डापाग्लिफ्लोझिनचंच बघा. २०२० साली तिचं पेटंट संपलं, अनेक भारतीय कंपन्या ती बनवू लागल्या आणि किंमत उतरली. डॉक्टरांना सरळ म्हणायचं, ‘माझ्याकडे महिन्याला इतकेच पैसे आहेत, त्यात बसेल असं लिहा.’ हे बोललं तर मार्ग निघतो. न बोलता निम्म्या गोळ्या घेतल्या तर निघत नाही.

सहावं, उपास. श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, आणि आपल्या मुस्लीम मैत्रिणींचे रोजे. ‘उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची?’ म्हणून ती राहते, आणि असे दिवस वर्षात किती होतात ते मोजून बघा. निर्जळी उपास तर या आजारात धोक्याचाच. सण यायच्या आधी डॉक्टरांना भेटून वेळा ठरवून घ्या. गोळीला पाणी प्यायल्याने व्रत मोडत नाही, असं घरातल्या सासूबाईंनी एकदा म्हटलं, तर त्याचं वजन माझ्या भाषणापेक्षा जास्त. जुलाब-उलट्या लागल्या असतील तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात विचारा. अंगातलं पाणी आधीच गेलेलं असताना काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात.

शेवटचं कारण बोलायला जड आहे. घरात नवऱ्याच्या गोळ्या बायको सांभाळते. पाण्याचा तांब्या आणि गोळी तळहातावर ठेवते. तिच्या गोळ्या कोण सांभाळतं? सगळ्यांची जेवणं झाली, ओटा आवरला, मग आठवलं तर ती घेणार. पट्टी संपली तर ‘पुढच्या बाजाराला आणू’. मुलाकडे पैसे मागायचा संकोच. त्यात डोळ्यांना नीट दिसत नाही, मन उदास असतं, ‘आता जगून काय करायचं’ असं वाटतं. असं मन झालेलं असेल तर तोही आजारच आहे, आणि त्यालाही औषध आहे.

याहून वाईट लपवाछपवीने होतं. सांधेतापाने झडप खराब झालेल्या मुलीला ठरावीक दिवसांनी, पुष्कळदा दर तीन आठवड्यांनी, पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं. त्याने झडप आणखी बिघडायची थांबते. लग्न ठरतं. ‘पोरीला हृदयाचं आहे’ हे सासरी कळलं तर सोयरीक मोडेल म्हणून माहेरचे गप्प राहतात आणि इंजेक्शन बंद होतं. मग पहिल्या बाळंतपणात, जेव्हा हृदयावर जास्त काम पडतं, तेव्हा ती मुलगी दम लागून रुग्णालयात पोचते. मैत्रिणींनो, सोयरीक टिकवायला पोरीचा जीव पणाला लावायचा का? आपल्या गटातल्या आया आणि सासवा, दोघी हे ऐकताहेत. हृदयाची गोळी घेणाऱ्या तरुण मुलीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं, कारण काही गोळ्या पोटातल्या बाळाला घातक असतात. चुकून दिवस गेले तर लगेच, त्याच दिवशी भेटायचं.

आता आपण काय करायचं? आपल्या देशातल्या १४ रुग्णालयांत एक अभ्यास झाला होता. हार्ट अटॅकचे साधारण ८०० पेशंट होते. त्यांतल्या निम्म्यांना घरी गेल्यावर साध्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या भेटत राहिल्या: गोळ्या घेता का, काय अडतं, विचारत राहिल्या. वर्षानंतर त्या माणसांच्या गोळ्या इतरांपेक्षा जास्त नियमित होत्या. विचारणारं माणूस असलं की फरक पडतो, आणि विचारणारी माणसं आपल्या गटात आहेत.

पण विचारायचं कसं? ‘गोळ्या घेतल्यास का नाहीस?’ असं दरडावलं तर समोरची ‘घेतल्या’ म्हणते आणि विषय संपतो. असं विचारा: ‘या आठवड्यात किती दिवस गोळी राहिली गं? कशामुळे राहिली?’ राहिली हे धरूनच विचारायचं, म्हणजे तिला खोटं बोलावं लागत नाही. पैशामुळे राहिली तर एक उपाय, लघवीमुळे राहिली तर दुसरा, खोकल्यामुळे राहिली तर तिसरा. कारण न कळता दिलेला उपदेश वाया जातो.

गटाने चार कामं करावीत. एक, गटाच्या पैशातून एक वजनकाटा घ्यावा आणि आजारी माणसाने शक्यतो रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात पाणी साठतंय, दवाखान्यात जायचं. दोन, गोळीची रोजच्या कामाशी गाठ घालावी: सकाळचा चहा, संध्याकाळची दिवाबत्ती. वाचता येत नसेल तर पुड्यावर सूर्य आणि चंद्र काढावा. तीन, महिन्यातून एकदा एकीने सगळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन गोळ्या आणाव्यात, म्हणजे पाच जणींची मजुरी बुडत नाही. चार, पावसाळा, गणपती, भट्टीवर जाणं, याआधी जास्तीच्या गोळ्या भरून ठेवाव्यात. सुकट भरतो तशा.

एखादी वेळ चुकली तर? लवकर आठवलं तर तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहू द्यावी. दोन एकदम कधीही घेऊ नयेत. आणि दम एकदम वाढला, बसूनही श्वास पुरत नाही, छातीत दुखतंय, शुद्ध हरपतेय, तर गोळीचा विचार न करता १०८ ला फोन करून गाडी बोलवावी.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न घ्या: आपल्या गटात, आपल्या घरात हृदयाची गोळी कोणाला आहे, आणि ती कशामुळे सुटते? आशाताईंनाही बसवून घ्या. ज्या बाईचं नाव पुढे येईल, तिच्या शेजारची एक जण ठरवा, जी रोज जाता-येता तिला आठवण करील. एवढं केलंत तर हे भाषण कामी आलं म्हणायचं.

काळजी घ्या, एकमेकींची घ्या. नमस्कार.